रंगूनचा डबा, आणि १९४२ च्या आधीचं रंगून

सुपारीचं_खांड

माळा आवरताना आईने एक डबा खाली दिला. गोल, वीतभर उंच, तांबूस-काळा, बाहेरून हत्ती आणि वेलबुट्टी इतकी बारीक कोरलेली की चष्मा लावावा लागतो. झाकण काढलं की आत एकावर एक बसणारी दोन तबकं. आमच्या घरात याला पहिल्यापासून 'रंगूनचा डबा' म्हणतात. आहे पानाचा, पण त्यात पान ठेवलेलं मी जन्मात पाहिलं नाही. बटणं, किल्ल्या, सेफ्टी पिना, आणि एके काळी माझे दुधाचे दात.

डबा पणजोबांचा. राजापूर तालुक्यातले. १९२६ साली रंगूनला गेले, तिथल्या एका तांदळाच्या गिरणीत हिशेब लिहायचे, १९३८ च्या दिवाळीला कायमचे परत आले. गावात शेवटपर्यंत 'रंगूनवाले अण्णा'. पणजी मात्र ती बारा वर्षं गावीच. शेत, दोन म्हशी, सासू आणि महिन्याची मनीऑर्डर.

मी ब्रह्मदेश म्हणजे परदेश असं धरून चालले होते. पण १ एप्रिल १९३७ पर्यंत तो हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. चलन रुपयाचं, टपाल आपलंच, पारपत्राचा प्रश्नच नाही. अण्णा गेले ते त्यांच्या हिशेबी मुंबई-कलकत्त्याला जावं तसेच गेले, फक्त मध्ये समुद्र होता. १९३१ च्या खानेसुमारीत रंगूनची वस्ती चार लाख, आणि त्यातले निम्म्याहून जास्त भारतीय! खुद्द ब्रह्मी लोक जेमतेम तिसरा हिस्सा. बाजारात हिंदुस्तानीवर काम भागायचं. तमिळ, तेलुगू, बंगाली, गुजराती, सुरती, चितगावचे लोक, त्यात चिनी, आर्मेनियन, बगदादी ज्यू, पारशी. मराठी माणूस या गर्दीत मूठभरच.

इंग्रजांनी १८५२ च्या लढाईत गाव घेतलं आणि लष्करी इंजिनियरांनी नकाशावर पट्टी ठेवून रस्ते आखले. मधोमध सुले पॅगोडा, त्याच्या दोन्ही अंगांना आकड्यांच्या गल्ल्या. सव्विसाव्या गल्लीत १८९६ चं सिनेगॉग, त्याच भागात काली मंदिर, सुरत्यांची मशीद, मोगल मशीद, आणि थोडं पुढे १८६२ चं आर्मेनियन चर्च. नदीकाठी स्ट्रँड हॉटेल, तेही आर्मेनियन सार्कीज बंधूंचं, १९०१ चं. फेअर स्ट्रीटवर सोफेर या बगदादी ज्यूची इमारत. तिच्या फरश्या मँचेस्टरच्या आणि लोखंडी तुळया स्कॉटलंडच्या.

अण्णा संध्याकाळी गिरणीतून सुटल्यावर काय करत असतील? कुठे जेवत, नाटक-सिनेमा काय, सण कसे होत? माझ्याकडे डबा आहे आणि दोन-तीन वाक्यं आहेत ('तिथे पाऊस आपल्यासारखाच' हे त्यातलं एक). ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घालावी. डब्याचे फोटो सवडीने टाकते.


हापूस_नको_रायवळ

वाचनखूण साठवली. आमच्या आजोळच्या खांबांना 'ब्रह्मी साग' म्हणत, एवढाच माझा ब्रह्मदेश. लिहीत रहा.


खलाशाचा_नातू

सुखांताई, अण्णा कसे गेले असतील ते सांगू शकतो, कारण माझे आजोबा त्या बोटींवर आगवाले होते. रत्नागिरीकडची पोरं गोऱ्या कंपन्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून भरती व्हायची, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेलच.

बंदरातून मुंबई, मुंबईहून रेल्वेने हावडा, तिथून बी. आय. (ब्रिटिश इंडिया) कंपनीची टपालबोट. हुगळीतून बाहेर पडायलाच बराच वेळ, मग तीनेक दिवस बंगालचा उपसागर. गरिबाला डेकचं तिकीट. म्हणजे उघड्या फळ्यांवर वळकटी पसरायची, ट्रंक उशाला, आणि कुणी ओकायला लागलं की पाय जवळ घ्यायचे. आजोबा सांगायचे की मद्रास आणि कोकोनाड्याकडून (आजचं काकिनाडा) येणाऱ्या बोटींवर तर पाय जवळ घ्यायलाही जागा नसे, भाताच्या हंगामात मजूर अक्षरशः रचलेले असत. कंगाणी किंवा मेस्त्री त्यांना उचल देऊन आणायचा. ती उचल फिटेपर्यंत माणूस त्याचाच.

रंगून समुद्रावर नाही. नदीतून आत जावं लागतं, दोन्ही बाजूंना सपाट भातजमीन. आणि बंदर दिसायच्या आधी श्वेडगॉन पॅगोडा दिसतो. शंभर मीटरच्या आसपास उंचीचा, सोन्याने मढवलेला. आजोबांची खूण साधी होती: कळस दिसला की बॉयलर हळू करायचा.

अवांतर: या धंद्यात गोऱ्यांची मक्तेदारी मोडायला वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीने बरीच टक्कर दिली, आणि ब्रह्मदेशची वाहतूक हा त्या भांडणाचा मोठा भाग होता. त्यावर वेगळा धागा होईल.


तर्कट_बुवा

धागा छान आहे, पण एक खडा टाकतो. हलके घ्या किंवा नका घेऊ.

'सगळे धर्म गुण्यागोविंदाने, बहुरंगी शहर' हे चित्र गच्चीवरून काढलेलं आहे. खाली उतरा. पेगू क्लबात गोऱ्यांशिवाय कुणाला प्रवेश नाही, तुम्ही बॅरिस्टर असा नाहीतर ब्रह्मी मंत्री. क्लबच्या नावाचं कॉकटेल जगभर पोचलं (जिन, कुरासाव, लिंबू, बिटर्स), पण तिथे ब्रह्मी माणूस गेला तर ग्लास धुवायला. श्वेडगॉनवर पादत्राणं काढायला लागतात म्हणून कित्येक साहेब मेमांनी उभ्या आयुष्यात तिथे पाऊल टाकलं नाही. १९१९ च्या सुमारास त्या बुटांवरून केवढं रण माजलं होतं!

आणि आपले लोक? रिक्षा ओढणारा तेलुगू, गोदीत पोती वाहणारा तेलुगू, संडासाच्या टोपल्या नेणारा तेलुगू. इमारतींच्या मागे दोन गल्ल्यांच्या मध्ये अरुंद बोळ असायचे, मैला न्यायला. नकाशात पट्टीने आखलेल्या शहराचा तोही भाग. मजुरांच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपायचे: रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा.

दुसऱ्या टोकाला चेट्टियार सावकार. १९३० साली भाताचा भाव कोसळला, कर्जं बुडाली, आणि दक्षिण ब्रह्मदेशातल्या मुख्य भात-जिल्ह्यांत त्यांच्या हातातली जमीन सहा टक्क्यांवरून १९३७ पर्यंत पंचवीस टक्क्यांवर गेली. त्यांनी ती हौसेने घेतली असं नाही, त्यांना रोकड हवी होती. पण ब्रह्मी कुळाला दिसलं ते एवढंच की बापाची जमीन 'कला'च्या नावावर चढली. 'कला' म्हणजे आपण. शब्द प्रेमाने वापरत नसत.

मे १९३० मध्ये त्याचा स्फोट झाला. गोदीतल्या तेलुगू हमालांनी मजुरीवाढीसाठी संप केला, कंपन्यांनी ब्रह्मी लोक कामाला लावले, संप मिटल्यावर त्यांना हाकललं. २६ तारखेला मारामारी सुरू झाली आणि शंभरावर माणसं मेली, बहुतेक आपली. गंमत अशी (गंमत कसली) की दोन गरीब एकमेकांना कापत होते आणि ज्यांनी दोघांना वापरलं ते क्लबात होते.

तेव्हा अण्णा संध्याकाळी काय करत होते, याचं एक उत्तर: काही संध्याकाळी दार लावून बसले असतील.


मिठातला_आवळा

बुवा नेहमीप्रमाणे जेवणात केस शोधतात. पण यावेळी केस खरा आहे.


इरावतीकाठ

कंपनीच्या कामासाठी मी यांगूनला (रंगूनचं आजचं नाव) साडेतीन वर्षं होतो, खालच्या शहरातच भाड्याने राहिलो. भाषा मोडकीतोडकी शिकलो, वाचता बऱ्यापैकी येते. तर्कटबुवांचं सगळं मान्य करूनही सांगतो, माणसं दिवसभर दंगल करत नाहीत. मधल्या दिवसांचं लिहितो.

आधी डब्याबद्दल. लाखेचा वाटेल, पण तो लाखेचा नाही. त्याला 'युन' म्हणतात. बांबूच्या कामट्यांची विणलेली टोपली, त्यावर 'थित्सी' नावाच्या झाडाचा चीक. थरावर थर, प्रत्येक थर दमट तळघरात दिवसेंदिवस वाळवायचा. मग लोखंडी टोकाने कोरायचं आणि रेषांत रंग भरायचा, तांबडा असेल तर हिंगूळ. पानाच्या डब्याला 'कुन-इत'. झाकणाची कड दोन बोटांत धरून हलकेच दाबून पहा. किंचित आत जाऊन परत आली तर काम उंची आहे, विणकामात घोड्याचे केस असतील. आपटलं तर मात्र पापुद्रे सुटतात. बटणांनी फारसं बिघडत नाही, किल्ल्या काढून ठेवा.

आता संध्याकाळ. १९०६ पासून विजेची ट्राम होती, तेव्हा पाझुंडाऊंच्या खाडीवरच्या गिरण्यांकडून अण्णा ट्रामने डलहौसी स्ट्रीटला येत असतील. तिथे चहाची दुकानं. आजचा बर्मी माणूस ज्याशिवाय जगत नाही तो दाट दुधाचा चहा, 'पलाता' (आपला पराठाच), 'समुसा', सगळं आपल्या लोकांनी तिथे नेलेलं. बुटकी स्टुलं, गुडघे छातीला लागतात. बिर्याणीला 'डानबाऊक', फालुद्याला 'फालुदा'च. उलट दिशेने नारळाच्या दुधातलं खाऊस्वे तिकडून आलं. आज मुंबईच्या लग्नांत 'खाऊसे'चा काउंटर असतो ना, तो बऱ्याच अंशी परत आलेल्या मेमन-गुजराती घरांमुळे.

रात्री पोए. रस्त्यातच मांडव, चटया अंथरायच्या, नाच, गाणं, विदूषक, पहाटेपर्यंत. माणसं पोरंबाळं आणि जेवणाचे डबे घेऊन येत. आपल्या दशावताराला जसं 'राजा येईपर्यंत झोप, मग उठव' असतं, तस्संच. पो सेन हा त्या काळचा सर्वांत मोठा नट-नर्तक. जमिनीवरचा खेळ त्याने उंच रंगमंचावर नेला, त्याला आपल्या बालगंधर्वांसारखं वलय होतं. एप्रिलात थिंजान, म्हणजे पाण्याची होळी. आणि वर्षभर बायकांच्या गालांवर थनाकाचा लेप, चंदनासारखा सहाणेवर उगाळलेला. अण्णा सहाण बघून गावाला आले असतील मनाने.


टॉकीजचा_बाक

सिनेमावर माझा हक्क आहे, सरका.

पहिला बर्मी मूकपट रंगूनला ऑक्टोबर १९२० मध्ये लागला. आणि १९३२ चा पहिला बर्मी बोलपट तयार झाला तो आपल्या मुंबईत, अर्देशिर इराणींच्या इंपिरियल कंपनीत! 'आलम आरा'ची यंत्रं गरमच होती, भाषा कुठली का असेना. मुंबईच्या स्टुडिओत बर्मी नटनट्या लुंग्या सावरत ध्वनिमुद्रकाच्या माइकखाली उभे आहेत, हे दृश्य मला फार आवडतं.

आणि हेलन. १९३८ साली रंगूनला जन्म, आईबरोबर आसामपर्यंत पायी आलेली. तिची गाणी बघताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.


पुणेरी_पाटी

टिळक रंगूनच्या तुरुंगात होते त्याचा उल्लेख कुणीच कसा केला नाही?


इरावतीकाठ

कारण ते मंडालेला होते, १९०८ ते १९१४. रंगून फक्त जातायेताना. रंगून ते मंडाले म्हणजे मुंबई-नागपूर नसलं तरी त्याच जातीचा प्रवास.


रत्नांगी

रत्नागिरीची असून गप्प बसले तर लोक नावं ठेवतील. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १९१६ ला आमच्याकडेच वारला, इथपर्यंत सगळ्यांना माहीत. राणी सुपयालतचं पुढे काय झालं ते कमी जणांना. तिला १९१९ मध्ये रंगूनला जाऊ दिलं, मंडालेला नाही. सहा वर्षं तिथे राहून १९२५ ला वारली. श्वेडगॉनजवळ समाधी आहे. अण्णा पोचले त्याच्या आदल्याच वर्षी. रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस म्हणून त्यांना तिथल्या कुणी विचारलं असेल का हो, आमचा राजा कसा राहायचा तुमच्याकडे?


सुपारीचं_खांड

रत्नांगी, हे वाचून काटा आला, कारण आमच्याकडच्या दोन-तीन वाक्यांतलं दुसरं हेच आहे! 'तिकडे लोक मला राजाच्या गावचा म्हणत.' आम्हाला वाटायचं राजापूरवरून म्हणत असतील.

इरावतीकाठ, कड दाबली. आत जाते, परत येते. किल्ल्या काढल्या.

तर्कटबुवा, तुमचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मग आईला विचारलं, अण्णा ३८ सालीच का आले? सगळे तर ४२ ला आले. ती म्हणाली, दंगा झाला म्हणून. पण दंगा ३० चाही होता, तेव्हा नाही आले.


तर्कट_बुवा

३८ चा दंगा वेगळा होता. जुलैमध्ये. एका मुसलमान लेखकाच्या जुन्या पुस्तकात बुद्धधर्माबद्दल वाईट लिहिलंय, यावरून श्वेडगॉनवर सभा झाली, तिथून मोर्चा सुरती बाजारावर गेला, आणि मग आठवडेच्या आठवडे. नाव मुसलमानांचं, पण आच सगळ्याच 'कलां'ना लागली. वातावरण आधीपासून तापलेलं. १९३६ ला ऑंग सान आणि ऊ नू या विद्यार्थी पुढाऱ्यांना काढून टाकल्यावरून विद्यापीठात संप झालेला. पोरं नावापुढे 'थाकिन' लावू लागलेली. थाकिन म्हणजे मालक, साहेबाला म्हणायचा शब्द. आता आम्हीच मालक. ३८ च्या डिसेंबरात सेक्रेटरिएटसमोर लाठीमारात ऑंग जॉ हा विद्यार्थी गेला. ज्या रस्त्यावर तो पडला त्याला आज त्याचंच नाव आहे.

या सगळ्याच्या मुळाशी जमीन आणि नोकऱ्या होत्याच, पण सगळ्यात बोचरी तक्रार लग्नांची होती. भारतीयांत पुरुष उदंड, बायका कमी. कित्येकांनी तिथे ब्रह्मी बायकोशी संसार मांडला आणि परत जाताना तो तिथेच ठेवला. बाईला ना वारसा, ना दाद. १९३९ मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला, बौद्ध स्त्रियांच्या विवाहाचा आणि वारशाचा.


खलाशाचा_नातू

शेवटचं मी लिहितो, कारण आजोबा तेव्हा बंदरात होते. १९४१ च्या डिसेंबरात शहर नाताळच्या तयारीत. दुकानं सजलेली, क्लबांत नाच ठरलेले. सिंगापूर आहे ना मध्ये, इथवर जपानी कशाला येतात, असा सूर. २३ तारखेला सकाळी विमानं आली तेव्हा लोक आडोशाला पळाले नाहीत, रस्त्यावर येऊन वर बघत राहिले. त्यातच हजारांवर गेले. पंचवीसला, ऐन नाताळात, पुन्हा.

मग कोण पळालं माहीत आहे? झाडूवाले, हमाल, मैला नेणारे. बुवांनी सांगितलेले ते मागचे बोळ तुंबले आणि चार दिवसांत साहेबांना कळलं शहर कोण चालवत होतं. अडवून, रेशनचं आमिष दाखवून, मागे आणावं लागलं. तरी ८ मार्च १९४२ ला जपानी आत आले तेव्हा गाव ओस होतं. चार-पाच लाख भारतीय निघाले, बरेचसे चालत, डोंगर-जंगलातून आसाम-मणिपूरकडे. वाटेत किती हजार राहिले त्याचा धड हिशेब नाही. गोऱ्यांना वेगळी, सोपी वाट ठेवल्याची तक्रार तेव्हाच्या काँग्रेस नेत्यांनी केली होती. आजोबांना बोटीत जागा मिळाली, कारण बोट त्यांनीच पेटती ठेवायची होती.


सुपारीचं_खांड

फोटो टाकलेत. चौथा पहा, वरच्या तबकाच्या खालच्या बाजूला काहीतरी खरवडलंय. गोल गोल अक्षरं आहेत. मला आधी नक्षी वाटली.


इरावतीकाठ

मोठा करून पाहिला. नक्षी नाही, लिखाण आहे, आणि कारागिराच्या हातचं वाटत नाही. कोरीव सारखं असतं, हे नंतर सुईने किंवा चाकूच्या टोकाने काढलेलं. पुढची दोन-तीन अक्षरं झिजली आहेत, किल्ल्यांनीच बहुतेक. पहिलं मात्र स्वच्छ आहे, सुटं 'म', उच्चार 'मा'.

'मा' बाईच्या नावाआधी लावतात, आपण 'ताई' म्हणू तसं. वयस्कर बाई असती तर 'डॉ' असतं. एवढंच सांगता येईल.


तर्कट_बुवा

मी वरचं लग्नांबद्दल लिहिलं ते सर्वसाधारण होतं. अण्णांना उद्देशून नव्हतं.


हापूस_नको_रायवळ

कदाचित जुन्या बाजारात घेतला असेल. वापरलेला.


सुपारीचं_खांड

बुवा, कळलं. रायवळ, असेलही.

काल रात्री आईला फोन केला. फोटोतलं अक्षर सांगितलं, 'मा' म्हणजे काय तेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझी पणजी दिवसाला दहा पानं खायची. कात, चुना, सुपारी, सगळं शेवटपर्यंत कमरेच्या चंचीत ठेवलं तिने. अण्णांनी तो डबा आणून तिच्या पुढ्यात ठेवला, तो तिने उचलून माळ्यावर टाकला. खाली मी काढला, लग्न होऊन आले तेव्हा. बटणांना बरा होता."

किल्ल्या आता वाटीत ठेवल्यात. पाचवा फोटो खालच्या तबकाचा टाकते, त्याच्या मागेही काही आहे का बघा.